टोकनने लाँचपॅड बदललं, आता आमचं काय? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातून आमच्याकडे क्रिप्टोबद्दल जे प्रश्न येतात, त्यांत गेल्या काही महिन्यांत एकच विषय वाढत चाललाय. टोकनचा (कोणालाही काढता येणाऱ्या डिजिटल नाण्याचा) प्रोजेक्ट चालवणारा एका लाँचपॅडवरून (टोकन काढायच्या साइटवरून) उठतो आणि दुसरीकडे जातो, कारण तिथे त्याला व्यवहारामागे जास्त फी मिळते. टोकन घेतलेल्या माणसाला मात्र या हलवाहलवीचा हिशेब कोणी समजावून सांगत नाही. तो हिशेब इथे मांडलाय. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. लाँचपॅड म्हणजे एक्स्चेंजच का?

नाही. एक्स्चेंजवर आधीच असलेली नाणी विकली-घेतली जातात. लाँचपॅडवर टोकन जन्माला येतो. जानेवारी २०२४ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनवर (व्यवहारांच्या उघड नोंदींची साखळी) पंप डॉट फन हे लाँचपॅड सुरू झालं आणि हे काम कोणालाही मोबाइलवरून जमण्याइतकं सोपं झालं. नाव द्यायचं, चित्र चढवायचं, की काही मिनिटांत शंभर कोटी नगांचा टोकन तयार. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. कंपनी नोंदवलेली असण्याची किंवा हिशेबतपासणीचीही अट नाही. भाव एका ठरलेल्या सूत्राने चालतो, त्याला बाँडिंग कर्व्ह म्हणतात. लोक घेत गेले की भाव चढतो, विकत गेले की उतरतो.

लेट्सबाँक, बिलीव्ह, बॅग्ज ही याच प्रकारची इतर ठिकाणं. बेस या साखळीवर झोरा आणि क्लँकर आहेत.

२. क्रिएटरला (टोकन काढणाऱ्याला) मिळणारे पैसे कोण देतं? प्लॅटफॉर्म बक्षीस देतं का?

बक्षीस वगैरे काही नाही. पैसे तुम्ही देता. बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्याच्या गाड्या उतरतात तेव्हा भाव चढो की पडो, सौदा झाला की अडत कापली जातेच. क्रिएटर फी तशीच आहे. टोकन घेताना एकदा कापली जाते, विकताना पुन्हा एकदा. तुम्ही नफ्यात विकलंत की तोट्यात, त्या फीला फरक पडत नाही.

फी बहुतेक ठिकाणी सोलमध्ये (सोलानाच्या स्वतःच्या नाण्यात) जमा होत राहते आणि क्रिएटर ती आपल्या वॉलेटवर (क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटात) क्लेम करून, म्हणजे उचलून, घेतो. ही नोंद साखळीवर उघडी असते. कोणत्या वॉलेटने कधी किती उचललं, हे सोलस्कॅनसारख्या एक्स्प्लोररवर (साखळीच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) कोणालाही पाहता येतं. टोकन घेण्याआधी हे पाहायची सवय लावा. आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते कधीच पाहिलेलं नसतं.

३. फीचे दर नेमके किती आहेत?

दर बदलत आलेत, आणि त्या बदलांमुळेच प्रोजेक्ट इकडून तिकडे पळतात. म्हणून थोडा इतिहास सांगायला हवा.

सुरुवातीला पंप डॉट फनवर टोकन काढणाऱ्याला फीतला वाटाच नव्हता. प्लॅटफॉर्म व्यवहारावर एक टक्का घ्यायचं, आणि टोकन काढणाऱ्याला कमाई करायची तर स्वतःकडचे टोकन लोकांच्या डोक्यावर विकणं एवढीच वाट होती. मार्च २०२५ मध्ये त्यांनी पंपस्वॅप हा स्वतःचा बाजार सुरू केला आणि मे २०२५ पासून तिथल्या उलाढालीतला ०.०५ टक्का क्रिएटरला द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘प्रोजेक्ट असेंड’ या नावाखाली दर बाजारमूल्यानुसार झाले. लहान टोकनला ०.९५ टक्क्यापर्यंत आणि टोकन मोठा होत जाईल तसा कमी होत पुन्हा ०.०५ टक्क्यापर्यंत. बॅग्जने सगळ्या उलाढालीचा एक टक्का क्रिएटरला, तोही कायमचा, असं सांगत लोक ओढले.

हे आकडे पुढेही बदलतील. पैसे टाकण्याआधी त्या प्लॅटफॉर्मच्या फीच्या पानावर त्या दिवशीचा दर पाहा. कोणी पाठवलेल्या जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

४. प्रोजेक्ट एक लाँचपॅड सोडून दुसरीकडे का जातात?

समजा एखाद्या टोकनची महिन्याची उलाढाल एक कोटी रुपये आहे. ०.०५ टक्क्याने क्रिएटरला पाच हजार मिळतात. ०.९५ टक्क्याने पंचाण्णव हजार. एक टक्क्याने लाख. काम तेच, माणसं तीच, आणि कमाईत वीसपट फरक. चालवणाऱ्याचं मन तिकडे ओढलं जाणारच, आणि त्यात बेकायदा काही नाही.

आता हीच बेरीज टोकन घेणाऱ्याच्या बाजूने करून पाहा. एक कोटीची उलाढाल म्हणजे बाजारात एक कोटी रुपये आलेत असं नव्हे. पाच लाख रुपयेच वीस वेळा इकडून तिकडे फिरले तरी उलाढाल एक कोटी होते. एक टक्क्याने त्यातले लाखभर रुपये क्रिएटरकडे गेले, म्हणजे फिरणाऱ्या पैशाचा पाचवा भाग. प्लॅटफॉर्मची फी त्याच्यावर वेगळी. भाव जागचा हलला नाही तरी होल्डरांचा (टोकन बाळगणाऱ्यांचा) खिसा मिळून तेवढा हलका झालेला असतो. ‘नवीन ठिकाणी क्रिएटरला जास्त मिळतं’ ही बातमी ग्रुपमध्ये आनंदाची म्हणून फिरते, तेव्हा ती रक्कम आपल्यातूनच जाणार आहे हे लक्षात ठेवून ती वाचावी.

फीशिवाय दुसरंही कारण असतं: गर्दी. एप्रिल २०२५ मध्ये आलेलं लेट्सबाँक जुलैमध्ये पंप डॉट फनच्या पुढे गेलं, आणि ऑगस्टमध्ये पंप डॉट फनने ती जागा परत घेतली. दोन-तीन महिन्यांत वारा इतका फिरतो. गर्दी जिथे, तिथे उलाढाल, आणि उलाढालीतून फी.

तिसरं कारण कोणी उघड बोलत नाही. पडलेल्या भावाचा जुना आलेख मागे टाकून कोऱ्या पाटीवर सुरुवात करता येते, आणि नव्या टोकनमध्ये स्वतःसाठी पुन्हा स्वस्तात वाटा घेता येतो.

५. आमच्या टोकनचं ‘मायग्रेशन झालं’ असं दाखवतंय. म्हणजे प्रोजेक्ट पळालं का?

घाबरू नका, बहुधा नाही. बाँडिंग कर्व्ह पूर्ण भरला (पंप डॉट फनवर साधारण ८५ सोल जमले) की टोकन आपोआप खुल्या बाजारातल्या पूलमध्ये (टोकन आणि सोलचा एकत्र साठा, त्यातूनच खरेदी-विक्री होते) जातो. पूर्वी तो रेडियम या दुसऱ्या बाजारावर जायचा, मार्च २०२५ नंतर पंपस्वॅपवर जातो. याला ग्रॅज्युएशन किंवा मायग्रेशन म्हणतात. यात टोकनचा पत्ता (साखळीवरची त्याची ओळख) तोच राहतो आणि तुमच्या वॉलेटमधले नगही तेच राहतात. शंभरात एखाद-दुसराच टोकन इथवर पोचतो.

प्रोजेक्टने लाँचपॅड बदलणं ही वेगळी घटना आहे. तिथे पत्ताच बदलतो. पुढची उत्तरं त्याबद्दल आहेत.

६. प्रोजेक्ट नव्या लाँचपॅडवर गेला की माझे जुने टोकन आपोआप तिकडे जातात का?

नाही. जुना टोकन जिथे जन्मला तिथेच राहतो. नव्या ठिकाणी जन्मतो तो पूर्ण नवा टोकन. नाव तेच, चित्र तेच, पत्ता वेगळा. दोघांचा एकमेकांशी तांत्रिक संबंध काहीच नसतो. जो काही संबंध असतो तो चालवणाऱ्याच्या शब्दापुरता.

तो शब्द पाळायचे दोन रस्ते आहेत. पहिला स्नॅपशॉटचा. एका ठरावीक वेळी कोणाकडे किती जुने टोकन आहेत याची यादी काढतात आणि त्या प्रमाणात नवे टोकन वॉलेटवर टाकतात. यात तुम्हाला काहीच करावं लागत नाही. दुसरा अदलाबदलीचा. जुने टोकन एका पत्त्यावर पाठवायचे आणि नवे घ्यायचे. हा जास्त धोक्याचा आहे. त्याबद्दल प्रश्न ८ मध्ये लिहिलंय. आणि कित्येक वेळा यातलं काहीच होत नाही. घोषणेत ‘जुन्या होल्डरांची काळजी घेऊ’ असं एक वाक्य असतं आणि त्यापुढे तारीख, प्रमाण, पत्ता काही नसतं.

एक्स्चेंजच्या खात्यात टोकन ठेवले असतील तर स्नॅपशॉटमध्ये तुमचं वॉलेट दिसत नाही, एक्स्चेंजचं दिसतं. नवे टोकन तुमच्यापर्यंत पोचवायचे की नाही हे मग एक्स्चेंज ठरवतं.

७. जुन्या पूलमध्ये एवढा पैसा होता. तो काढून नव्याकडे नेतात का?

पंप डॉट फनवरून ग्रॅज्युएट झालेल्या टोकनच्या पूलची मालकी दाखवणारे एलपी टोकन जाळले, म्हणजे कायमचे नष्ट केले जातात. म्हणून तो पूल कोणाला थेट उपसता येत नाही. इथपर्यंत ठीक. पण नव्या ठिकाणी लिक्विडिटी (पूलमधला साठा) घालायला पैसा तर लागतो. तो येतो कुठून? बहुतेकदा चालवणारे स्वतःकडचे जुने टोकन त्याच पूलमध्ये विकतात, सोल घेतात आणि ते नव्याकडे नेतात. सोल जुन्या पूलमधूनच जातात, फक्त विक्रीच्या वाटेने. शेवटी त्या पूलमध्ये राहतात कोणाला नको असलेल्या टोकनचे ढीग. भाव का कोसळला याचं उत्तर बहुतेकदा इथे सापडतं.

म्हणून घोषणा आणि स्नॅपशॉट यांच्यामधल्या दिवसांत मोठ्या वॉलेटांवर लक्ष ठेवा. टीमच्या वॉलेटमधून स्नॅपशॉटच्या आधी विक्री झाली असेल तर त्यांनी स्वतःला आधी बाहेर काढलंय असा त्याचा अर्थ होतो, मग ग्रुपमध्ये ते काहीही लिहोत.

८. टेलिग्रामवर लिंक आलीय, ‘जुने टोकन इथे बदलून घ्या’. खरी की खोटी कशी ओळखायची?

आधी हे करा: लिंक दाबू नका. प्रोजेक्ट हलत असतानाचे दिवस चोरांच्या सुगीचे असतात, कारण तेव्हा लोकांना घाई असते आणि कुठल्या तरी नव्या साइटवर वॉलेट जोडायचंच असतं. नकली साइट हुबेहूब तशीच दिसते. वॉलेट जोडून तुम्ही एका व्यवहाराला मंजुरी दिलीत की टोकनच नव्हे, सोलसुद्धा साफ होतात.

नव्या टोकनचा पत्ता प्रोजेक्टच्या मूळ एक्स खात्यावर, वेबसाइटवर आणि त्याच क्रिएटर वॉलेटच्या साखळीवरच्या नोंदीत, अशा तिन्ही ठिकाणी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. खातं हॅक झालेलं असू शकतं, म्हणून एकाच ठिकाणी पाहून भागत नाही. अदलाबदल करायचीच असेल तर नवं रिकामं वॉलेट काढा, त्यात फक्त ते जुने टोकन आणि फीपुरते सोल ठेवा आणि तिथूनच व्यवहार करा. बाकीची जमापुंजी असलेलं वॉलेट कुठेच जोडू नका.

बारा किंवा चोवीस शब्दांची सीड फ्रेज (वॉलेटची गुप्त किल्ली) कोणत्याही खऱ्या मायग्रेशनला लागत नाही. मागणारा चोरच असतो. याला अपवाद नाही.

९. प्रोजेक्ट हलणार अशी घोषणा झालीय. विकू की थांबू?

विका किंवा थांबा हे आम्ही सांगणार नाही. पण थांबायचं ठरवण्याआधी चालवणाऱ्याला ग्रुपमध्ये, सगळ्यांसमोर विचारा: जुन्या एका टोकनला नवे किती? स्नॅपशॉट कधी? नव्या टोकनची फी कोणकोणत्या वॉलेटवर जाणार? जुन्या टोकनवर अजून जमणारी फी कोण उचलणार? टीमने नव्यात स्वतःसाठी किती ठेवलेत?

चौथा प्रश्न लोक विसरतात. प्रोजेक्ट गेला तरी जुन्या टोकनमध्ये विक्री चालूच असते, आणि घाबरून विकणाऱ्यांच्या प्रत्येक व्यवहारातून जुन्या क्रिएटर वॉलेटला फी मिळतच राहते. हलण्याच्या गोंधळातून ज्याची कमाई होते त्याने ती रक्कम जुन्या होल्डरांसाठी वापरली, तर तो माणूस शब्दाला जागणारा म्हणायचा. सरळ उत्तर आलं नाही, किंवा विचारणाऱ्यालाच ग्रुपमधून काढलं, तर आमच्या मते तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे.

१०. मूळ माणूस गायब झाला, आता आम्ही ग्रुपवालेच चालवायलोय. फी आम्हाला मिळेल का?

आपोआप नाही. याला कम्युनिटी टेकओव्हर म्हणतात. फी मूळ क्रिएटरच्या वॉलेटवर जमत राहते, तो गायब असला तरी. पंप डॉट फनकडे अर्ज करून ती नव्या वॉलेटवर वळवता येते, पण निर्णय प्लॅटफॉर्मचा. काही ठिकाणी अशी सोयच नसते, आणि मग ग्रुप वैतागून नवा टोकन काढतो. तसं करणार असाल तर प्रश्न ६ आणि ९ आता तुम्हाला लागू होतात, कारण आता चालवणारे तुम्ही आहात.

अर्ज मंजूर झालाच तर वॉलेट एकाच्या हातात ठेवू नका. स्क्वॉड्ससारख्या साधनाने अनेकांच्या सह्या लागणारं वॉलेट काढता येतं. मित्रामित्रांत पैशावरून फाटतं ते बहुधा इथेच.

११. मी रील्स करतो. माझ्या नावाने आणि फोटोने कोणीतरी बॅग्जवर टोकन काढलाय आणि ‘तुझी फी जमलीय, क्लेम कर’ म्हणायलाय. करू का?

बॅग्जवर टोकन काढणारा फीचा वाटा दुसऱ्याच्या सोशल मीडिया खात्याच्या नावे लावू शकतो. त्या खात्याने लॉगिन करून ती उचलायची. म्हणजे तुम्हाला न विचारता तुमच्या नावाचा टोकन निघू शकतो, आणि रक्कम खरीसुद्धा असू शकते.

पण ती फुकट नाही. तुम्ही क्लेम केलंत की साखळीवर नोंद दिसते, आणि टोकन काढणारा तीच नोंद दाखवून ‘बघा, स्वतः तो सामील आहे’ असं पसरवतो. भाव उसळतो, आधी स्वस्तात घेतलेले विकून निघतात, भाव पडतो. मग तुमच्या कॉमेंटमध्ये शिव्या द्यायला येतात ते तुमच्या नावावर विश्वास ठेवून शेवटी घेतलेले लोक. त्यात तुमच्याच गल्लीतला एखादा असतो. आमचं स्पष्ट मत: टोकनशी संबंध नको असेल तर क्लेम करू नका, आणि ‘हा टोकन माझा नाही’ असं स्वतःच्या खात्यावर लगेच लिहा. संबंध ठेवायचाच असेल तर किती उचलले, त्याचं काय करणार, हे उघड सांगून मगच करा. कराचा भाग प्रश्न १५ मध्ये.

१२. ‘बेळगाव’ नावाचा टोकन आलाय. मराठी माणसाने पाठिंबा म्हणून तरी घ्यावा म्हणायलेत. घ्यावा का?

हा प्रश्न वाचला की जीव तुटतो. या भागातल्या माणसाला सीमेचा विषय किती जवळचा आहे हे टोकन काढणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. १९५६ पासून तीन पिढ्यांनी ज्या नावासाठी मोर्चे काढले, तुरुंग पाहिले, ते नाव कोणीही काही मिनिटांत टोकनला देऊ शकतो. ते नाव देण्याची परवानगी कोणाकडून घ्यावी लागत नाही. एकाच नावाचे दहा टोकनही निघू शकतात.

पाठिंबा द्यायचा असेल तर पैसा कुठे पोचतो ते पाहा. टोकन घेतला की तुमचे रुपये तुमच्या आधी घेतलेल्यांकडे जातात, आणि फी क्रिएटरच्या वॉलेटवर. मराठी शाळेला, वाचनालयाला, कोणाच्या खटल्याला त्यातून काही जात असेल तर क्रिएटर वॉलेटमधून ती रक्कम निघाल्याची नोंद आणि संस्थेची पावती दाखवता आली पाहिजे. ती नसेल तर संस्थेला थेट देणगी द्या, तुमचा रुपया पूर्ण पोचेल.

गणेशोत्सव मंडळाच्या नावाने टोकन काढू का, असंही काही मुलं विचारतात. काढू नका. वर्गणी देणाऱ्याला तोटा होण्याची शक्यता असलेली वर्गणी मंडळाच्या नावाला शोभत नाही.

१३. हे सगळं भारतात कायदेशीर आहे का?

बंदी नाही, आणि चलन म्हणून मान्यताही नाही. बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे आणि त्यांना एफआययूकडे (केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी करावी लागते. कर लागतो म्हणजे सरकारने हमी दिली असं मात्र समजू नका. लाँचपॅडवरच्या टोकनमध्ये बुडालेल्या पैशाची दाद मागायला शेअर बाजारासारखी सेबीची व्यवस्था नाही.

१४. जुना टोकन देऊन नवा घेतला, हातात रुपया आला नाही. तरी कर लागतो?

अदलाबदल असेल तर लागतो. एक टोकन देऊन दुसरा घेणं हेसुद्धा हस्तांतरणच. त्या दिवशीच्या रुपयांतल्या किमतीने जुन्याचा नफा काढायचा. वॉलेट ते वॉलेट व्यवहारात टीडीएस कापणारा कोणी समोर नसतो, पण त्यामुळे कर माफ होत नाही.

जास्त घात होतो तो तोट्याच्या नियमाने. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. समजा हलवाहलवीत जुन्यावर ५०,००० बुडाले आणि नव्यावर ४०,००० मिळाले. खिशातून दहा हजार गेलेत, तरी ४०,००० वर ३० टक्के म्हणजे १२,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, असा १२,४८० रुपये कर. प्रोजेक्ट जितक्या वेळा हलेल, तितक्या वेळा हा प्रसंग येऊ शकतो. फुकट वाटप म्हणून आलेले नवे टोकन मिळाल्या दिवशीच्या किमतीने उत्पन्न धरावेत असं बहुतेक सल्लागार सांगतात. पुढे विकताना ती किंमत खरेदी किंमत धरता यावी म्हणून त्या दिवसाचा भाव नोंदवून ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय, कलमांचे क्रमांक बदललेत, हे दर तेच आहेत.

१५. क्रिएटर फी मला मिळते. त्यावर ३० टक्के की नेहमीचा स्लॅब?

इथे दोन टप्पे आहेत. सोल हातात आले तेव्हा ते तुमच्या कामाचं किंवा इतर उत्पन्न, म्हणून त्या दिवशीच्या रुपयांतल्या किमतीने स्लॅबप्रमाणे. सीए मंडळींचं साधारण मत असं आहे. पुढे तेच सोल विकले की मधल्या काळात वाढलेल्या किमतीवर ३० टक्के. ते पडले तर तोटा तुमचाच, स्लॅबवर भरलेला कर परत येत नाही. म्हणून फी उचलली की कराच्या अंदाजाइतके सोल लगेच रुपयांत करून ठेवा.

क्लेमच्या प्रत्येक व्यवहाराचा हॅश (साखळीवरचा ओळख क्रमांक), तारीख आणि त्या दिवसाचा भाव वहीत लिहा. बेळगावात क्रिप्टोचे हिशेब करणारे सीए आहेत, त्यांच्याकडे मार्चअखेरीला नव्हे, आधी जा.

१६. मुलगा पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे, सतरा वर्षांचा. त्याने टोकन काढला आणि फी मिळाली. कोणाच्या नावे दाखवायची?

अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाचं उत्पन्न साधारणपणे आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. मुलाने स्वतःच्या कौशल्याने कमावलेल्या उत्पन्नाला यातून सूट आहे. पण टोकनच्या उलाढालीतून आलेली फी ‘कौशल्य’ ठरते का, यावर वाद होऊ शकतो, त्यामुळे सीएला विचारल्याशिवाय ठरवू नका. भारतीय एक्स्चेंजवर केवायसी अठरा वर्षांनंतरच होते, म्हणून मुलं मित्राच्या थोरल्या भावाचं खातं वापरतात. ते मात्र बंद करा. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

१७. निपाणीत माझं दुकान आहे. पीटूपीवर (थेट दुसऱ्या माणसाला) सोल विकले आणि चालू खातंच गोठलं. आता?

सोल घेणाऱ्याने पाठवलेला पैसा कुठल्या तरी फसवणुकीतला असतो, तक्रार दुसऱ्या राज्यात होते आणि साखळीत तुमचं खातं सापडतं. बँकेकडून लेखी घ्या: तक्रारीचा पोच क्रमांक, कोणतं पोलीस ठाणं, किती रकमेवर रोक. मग त्या ठाण्याला पीटूपीची ऑर्डर, चॅट, सोल पाठवल्याचा हॅश जोडून कळवा आणि वादातल्या रकमेपुरतीच रोक ठेवून बाकी खातं मोकळं करावं अशी मागणी करा. दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. उच्च न्यायालयात जावं लागलंच तर आपल्याला धारवाड खंडपीठ आहे.

यापुढे एफआययूकडे नोंदलेल्या एक्स्चेंजवरच विका, आणि दुकानाचं खातं या व्यवहारात कधीच आणू नका. आपलं खातं दुसऱ्याला ‘दोन टक्के देतो’ म्हणून वापरायला देणाऱ्यावर तर गुन्हाच दाखल होऊ शकतो.

१८. गावातला एकजण नव्या टोकनसाठी लोकांकडून रोख गोळा करायलाय, महिन्याला ठरावीक परतावा देतो म्हणतोय. हे क्रिएटर फीतून शक्य आहे का?

नाही. क्रिएटर फी उलाढालीवर चालते आणि उलाढाल कोणाच्या शब्दावर चालत नाही, त्यामुळे तिच्यातून ठरावीक परतावा कबूल करताच येत नाही. ठरावीक परताव्याचं आमिष दाखवून ठेवी घेणं हे अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा २०१९ मध्ये बसतं, आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी कर्नाटकाचा २००४ चा स्वतःचा कायदाही आहे.

२०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झालेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइनमध्ये देतो असं सांगून पैसे घेतले गेले, आणि पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचा घरचाच टोकन हातावर ठेवला गेला. ‘जुना सोडा, नवा घ्या’ हे ऐकू आलं की ही गोष्ट आठवावी, यासाठी इथे लिहिली.

१९. मी खानापूरचा, पैसे घेणारा कोल्हापूरचा, टोकन परदेशातल्या प्लॅटफॉर्मवर. तक्रार कुठे करायची?

रुपये यूपीआयने किंवा बँकेने गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. काही तासांत केला तर समोरच्या खात्यातले पैसे अडवता येण्याची शक्यता असते. गेलेले टोकन अडवणं फार अवघड, रुपये अडवणं त्या मानाने सोपं. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा.

पोलिसांकडे जायचं तर जिल्ह्याचं सीईएन ठाणं सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी आहे. ‘माणूस महाराष्ट्रातला आहे, तिकडे जा’ असं कोणी म्हणालं तर झीरो एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी तरतूद आहे. हद्द कोणाचीही असो, ठाण्याने नोंद करून पुढे पाठवायची. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

अर्ज मराठीत दिला तर चालेल का, हेही बरेच जण विचारतात. गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिलाय, तेव्हा मराठी अर्ज द्या. तपास लवकर हलावा म्हणून सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा. वॉलेटचे पत्ते आणि हॅश हाताने लिहू नका, कॉपी करून छापा. एक अक्षर चुकलं तरी तपास करणाऱ्याला तो व्यवहार सापडत नाही.